पपईला झालं तरी काय?

पपईचं झाड ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही. सरळ खोड, वर छत्रीसारखी मोठमोठी पानं आणि खोडाला बिलगून बसलेली फळं! न्हाणीच्या पाण्यावर, उकिरड्याच्या कडेला, शाळेच्या हातपंपाजवळ, कुणी न लावताही ते उगवतं. वर्षाच्या आत फळ देतं. पण हे झाड मुळात आपल्याकडचं नाही, बरं का! मेक्सिकोचा दक्षिण भाग आणि मध्य अमेरिका हे त्याचं माहेर. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ते भारतात आलं आणि असं रमलं, की आता ते परकं होतं हे सांगूनही खरं वाटत नाही.

आमचं मानवत परभणी जिल्ह्यात आहे. हे कापसाचं गाव. हिवाळ्यात बाजारात जिकडे पाहावं तिकडे कापसाने भरलेल्या गाड्या. पण ज्यांच्या विहिरीला किंवा बोअरला पाणी आहे, ते एखादा एकर पपईही लावतात. आता एक हिशेब करा. दोन झाडांमध्ये ६ फूट आणि दोन ओळींमध्ये ६ फूट अंतर ठेवलं, तर एका झाडाला ३६ चौरस फूट जागा लागते. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. भागाकार करा बघू. १,२१० झाडं! इतकी रोपं विकत आणायची, ठिबकच्या नळ्या टाकायच्या, खत घालायचं आणि मग आठ-दहा महिने वाट बघायची. सोसायटीचं कर्ज, लेकरांचं शिक्षण, घरातलं एखादं लग्न, सारं त्या फळांवर अवलंबून असतं.

आणि अशा बागेत एक दिवस एखाद्या झाडाचा शेंडा पिवळसर दिसू लागतो.

आजार ओळखायचा कसा?

पाणी कमी पडलं तरी पपईची पानं पिवळी पडतात. पण तेव्हा आधी खालची, जुनी पानं पिवळी होतात. हा आजार मात्र वरून, कोवळ्या पानांपासून सुरू होतो. आधी पानांच्या शिरा फिकट दिसतात. मग पानावर हिरव्या-पिवळ्या रंगांची गोधडी शिवल्यासारखे चट्टे उमटतात. पुढे नवी पानं आक्रसतात, काही तर बुटाच्या नाडीसारखी बारीक होतात. देठावर आणि कोवळ्या खोडावर तेल सांडल्यासारख्या गडद हिरव्या रेघा दिसतात. आणि फळांवर? फळांवर गोल गोल कड्या! कुणी बांगडी दाबून ठसे उठवावेत तशा.

या कड्यांवरूनच रोगाला 'रिंगस्पॉट' असं नाव पडलं. रिंग म्हणजे कडी, स्पॉट म्हणजे डाग. आपल्याकडचे शेतकरी सरळ म्हणतात, "बागेत व्हायरस आला."

आजारी झाड लगेच मरत नाही. ते उभं राहतं, पण वाढ खुंटते. फळं कमी लागतात, लहान राहतात, गोडी उतरते. कड्या उठलेलं फळ व्यापारी घेत नाही. तसं ते फळ खाल्लं तर आपल्याला काही होत नाही हं! हा विषाणू झाडांचा आहे, माणसांचा नव्हे.

पपईला दुसराही एक विषाणू छळतो. त्यात पानं खाली आणि आत वळून मुठीसारखी गोळा होतात. तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो. आज आपण कड्यांच्या रोगाबद्दलच बोलणार आहोत.

साडेसात दशकांपूर्वीची नोंद

विषाणू म्हणजे काय, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं असेल. तो साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. पपईचा हा विषाणू दोऱ्याच्या बारीक तुकड्यासारखा लांबट असतो. असे बाराशे-तेराशे विषाणू एकापुढे एक ठेवले, तर कुठे तुमच्या पट्टीवरचा एक मिलिमीटर भरेल! तो एकट्याने काहीच करू शकत नाही. खात नाही, चालत नाही. झाडाच्या पेशीत शिरला, की तिच्याकडूनच स्वतःच्या नकला काढून घेतो.

भारतात पपईच्या या आजाराची पहिल्यांदा नोंद कुठे झाली, माहीत आहे? आपल्याच बाजूला! एस. पी. कपूर आणि पी. एम. वर्मा या शास्त्रज्ञांनी १९४८ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात तेव्हाच्या मुंबई प्रांतातल्या पपईच्या मोझॅक रोगाची माहिती छापली. मोझॅक म्हणजे रंगीत तुकड्यांची नक्षी. पानांवरच्या चट्ट्यांवरून हे नाव आलं. त्या काळी आपला परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. पुढच्याच वर्षी, १९४९ साली, हजारो मैल दूर हवाई बेटांवर जेन्सन नावाच्या शास्त्रज्ञाने फळांवरच्या कड्या पाहून 'रिंगस्पॉट' हे नाव वापरलं.

पाहुणा चव घेतो आणि जातो

आता खरं कोडं. विषाणूला पाय नाहीत, पंख नाहीत. तो बियांतूनही सहसा पसरत नाही. मग तो या झाडावरून त्या झाडावर जातो कसा?

त्याला वाहन मिळतं. आणि ते वाहन आपल्या ओळखीचं आहे. मावा! कापसाच्या पानाखाली चिकटून बसलेले बारीक, मऊ किडे पाहिले आहेत ना? ज्यांच्यामुळे पानं चिकट होतात ते. कापसावर, चवळीवर, टरबुजावर मावा राहतो. गर्दी फार झाली, की त्यांतल्या काहींना पंख फुटतात आणि ते नवं घर शोधायला उडतात.

या मावा किड्यांना पपई खरं तर आवडत नाही. पण उडताना त्यांना कुठलं झाड कुठलं हे कळत नाही. हिरवं-पिवळं दिसलं की उतरतात, सुईसारखी सोंड पानात टोचतात, चव घेतात. 'छे, हे आपलं नव्हे!' असं जणू म्हणून उडतात आणि शेजारच्या झाडावर बसतात. तिथेही टोचून बघतात. झाड आजारी असेल, तर त्या टोचण्यात विषाणू सोंडेच्या टोकाला चिकटतो. पुढच्या निरोगी झाडावर टोचलं, की तिथे उतरतो. या सगळ्याला तास लागत नाहीत. काही सेकंद, फार तर एखादं मिनिट!

म्हणजे बघा, जो मावा पपईवर घर करत नाही, तोच पपईचा आजार पसरवतो. म्हणूनच बागेत मावा शोधायला गेलात, तर तो सापडणारही नाही.

आता तुम्ही म्हणाल, "मग औषध फवारा की!" पुष्कळ शेतकरी तेच करतात. पण औषध किड्याला मारायला वेळ घेतं आणि किड्याला टोचायला काही सेकंद पुरतात. मरण्याआधी तो आपलं काम उरकून बसलेला असतो. शिवाय आज फवारलं तरी उद्या दुसऱ्या शेतातून नवे किडे उडत येणारच. फवाऱ्याने मावा खाणारे ढालकिडे मात्र मरतात. आणि झाडाच्या आत शिरलेल्या विषाणूला मारणारं औषध तर नाहीच. आजारी पपई बरी होत नाही.

करून बघा : खडूचा खेळ

हा खेळ वर्गात करा. दहा मुलं रांगेत उभी करा. ही झाली पपईची झाडं. एका मुलाच्या बोटाला लाल खडूची पूड लावा. तो झाला मावा. त्याने एकेकाच्या तळहाताला बोट टेकवत पुढे जायचं. पहिल्या हातावर लाल ठिपका ठळक उमटेल, दुसऱ्यावर फिकट, आणि पुढच्या हातांवर शोधावा लागेल.

माव्याच्या सोंडेचंही तसंच आहे. चिकटलेला विषाणू दोन-चार ठिकाणी टोचलं की पुसला जातो. पुन्हा घ्यायचा, तर त्याला पुन्हा आजारी झाडावरच बसावं लागतं.

आता खेळ बदला. पपईच्या आधी चार मुलं 'मका' म्हणून उभी करा. माव्याने आधी मक्याला हात लावायचा आणि मग पपईला. पपईपर्यंत रंग पोचला का? मक्याला आणि ज्वारीला हा विषाणू बाधत नाही. म्हणून जाणकार सांगतात, की पपई लावायच्या महिनाभर आधी शेताच्या चारी बाजूंनी मका, ज्वारी किंवा शेवरीच्या दाट ओळी पेरा. बाहेरून येणारा मावा आधी तिथे उतरतो, टोचतो आणि सोंड पुसून घेतो. साधंच कुंपण, पण युक्तीचं!

तीन आठवड्यांचं गणित

एक अडचण आहे. झाडात विषाणू शिरला तरी पानावर खुणा दिसायला साधारण दोन-तीन आठवडे जातात. समजा, एका आजारी झाडामुळे दर तीन आठवड्यांनी दोन नवी झाडं आजारी पडतात. मग पहिलं एक, नंतर तीन, मग नऊ, सत्तावीस, एक्क्याऐंशी, दोनशे त्रेचाळीस, सातशे एकोणतीस! सहा फेऱ्या, म्हणजे अठरा आठवडे. चार महिन्यांत १,२१० झाडांपैकी निम्म्याहून जास्त झाडं गेली. खऱ्या शेतात आकडे असे नेमके येत नाहीत. वारा, हंगाम, माव्याची संख्या यांवर ते ठरतं. पण यातून एक गोष्ट कळते. एक झाड आजारी असतानाच थांबवलं, तर थांबवता येतं. दोनशे झाल्यावर नाही.

आणि थांबवायचं म्हणजे काय? ते झाड मुळासकट उपटायचं.

फळ धरलेलं झाड

हे लिहायला सोपं आहे. करायला नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आखाड्यावर पपईची बाग होती. झाडांना पहिली फळं धरली होती आणि बांधाजवळच्या नऊ झाडांचे शेंडे पिवळे पडले. तिचे वडील झाडं काढायला निघाले, तर आजी आडवी आली. "फळ धरलेल्या झाडाला हात लावू नये," ती म्हणाली. तिचं काय चुकलं? लेकरासारखं वाढवलेलं झाड! त्यावर फळं दिसताहेत, लहान का होईनात. चार पैसे येतील, असं कुणालाही वाटेल.

मुलीने आजीला अंगणात बसवलं आणि खडूचा खेळ करून दाखवला. लाल बोट तिने आजीच्याच तळहाताला लावलं. आजी बराच वेळ हात बघत राहिली. मग म्हणाली, "काढा बाबा. पण तिथंच टाकून ठेवू नका." नऊ झाडं त्याच दिवशी काढली आणि खड्ड्यात पुरली. कारण उपटलेलं हिरवं झाड बांधावर पडून राहिलं, तर त्यावरही मावा येऊन टोचू शकतो. तीन आठवड्यांनी आणखी चार झाडं दिसली. तीही काढली.

बाग वाचली का? अर्धीच वाचली. कारण बांधापलीकडे शेजाऱ्याची वीस-बावीस झाडं पिवळी होऊन तशीच उभी होती. "फळं उतरली की काढतो," असं तो म्हणत राहिला. मावा काही सातबारा बघून बसत नाही! त्या वर्षी दोघांचंही नुकसान झालं. पुढच्या वर्षी मात्र दोघांनी एकाच आठवड्यात लागवड केली, दोन्ही शेतांभोवती मिळून मका पेरला आणि दर रविवारी एकमेकांच्या बागेतून चक्कर मारायचं ठरवलं. रोग तेव्हाही आला. पण उशिरा आला, आणि तोवर बरीच फळं बाजारात गेली होती.

मग करायचं काय?

कड्यांचा हा रोग मुळापासून संपवता येत नाही, पण त्याला उशीर करायला लावता येतं. पपईला कोवळ्या वयात रोग झाला, तर जवळजवळ काहीच हाती लागत नाही. फळं पोसल्यावर झाला, तर नुकसान कमी होतं. म्हणून ही धडपड :

१. रोपं बारीक जाळीच्या आत वाढवलेली असावीत. उघड्यावरच्या, आजारी बागेशेजारच्या रोपवाटिकेतली नकोत.

२. जुनी आजारी बाग शेजारी उभी असताना नवी बाग लावू नये. आधी जुनी काढावी.

३. बागेत आणि आसपास काकडी, दोडका, भोपळा, टरबूज लावू नये. या वेलांतही पपईचा विषाणू राहू शकतो.

४. चारी बाजूंनी मका, ज्वारी किंवा शेवरीचं कुंपण करावं. त्या पिकावर मावा वाढू लागला, तर निंबोळी अर्क फवारावा.

५. रोपाभोवती चंदेरी आच्छादनाचा कागद अंथरावा. त्यावरून आभाळाचा उजेड परत फिरतो आणि उडणारा मावा गोंधळून खाली उतरत नाही.

६. दर आठवड्याला प्रत्येक झाडाचा शेंडा बघावा. शंका आली तर जाणकाराला दाखवावं. खात्री झाली की झाड उपटून त्याच दिवशी पुरावं.

७. हे सगळं शेजाऱ्यांनी मिळून करावं. एकट्याने केलं तर निम्मंच साधतं.

जाणकार कुठे भेटतील? आपल्या परभणीला १९७२ साली स्थापन झालेलं कृषी विद्यापीठ आहे. त्याचं आजचं नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. गावाच्या कृषी सहायकालाही विचारता येतं. पुण्याला भारतीय कृषी संशोधन संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी हा रोग सोसून फळ देणारी पपई निवडण्याचं काम केलं आहे.

हवाई बेटांची गोष्ट

हा त्रास एकट्या मानवतचा नाही. नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याकडे, पपईच्या मोठमोठ्या बागा आहेत. तिथेही विषाणूने शेतकऱ्यांना रडवलं आहे. तैवानमध्ये हा रोग १९७५ साली शिरला. तिथले शेतकरी अख्खी बागच जाळीच्या घरात वाढवू लागले. पण सगळ्यांत लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे ती हवाई बेटांची.

हवाईत आधी ओआहू नावाच्या बेटावर पपई पिकायची. रोगाने तिथल्या बागा गेल्या, तेव्हा शेतकऱ्यांनी दुसऱ्या, मोठ्या बेटावरच्या पुना भागात बागा लावल्या. तिथे रोग नव्हता. पण पुनापासून वीसेक मैलांवर हिलो हे गाव होतं आणि तिथल्या परसांतल्या पपयांवर हा विषाणू होता. सरकारी माणसं वर्षानुवर्षं घरोघर फिरून अशी झाडं शोधत आणि काढत. त्यामुळे पुना बराच काळ सुरक्षित राहिला. शेवटी १९९२ च्या मे महिन्यात पुनातही रोग दिसला. आजारी झाडं तोडण्याची मोहीम सुरू झाली, पण काही शेतकऱ्यांनी हताश होऊन बागा तशाच सोडून दिल्या. त्या सोडलेल्या बागा रोगाचं कोठार झाल्या. १९९४ च्या अखेरीस तोडणी थांबवावी लागली.

तोवर डेनिस गोन्साल्विस आणि त्यांचे सहकारी वेगळ्याच वाटेने निघाले होते. गोन्साल्विस मूळचे हवाईचेच. विषाणूच्या अंगावर प्रथिनाचं एक आवरण असतं. ते आवरण कसं बनवायचं याची सूचना, म्हणजे जनुक, त्यांनी पपईच्या पेशीत घातलं. त्यामुळे असं झाड खरा विषाणू आत शिरला की त्याचा संदेश ओळखतं आणि कापून टाकतं. १९९५ साली पुना भागात या झाडांची चाचणी झाली. आजूबाजूची साधी झाडं पिवळी पडली आणि मधली ही झाडं हिरवीगार राहिली. १९९८ साली 'रेनबो' आणि 'सनअप' या नावांच्या अशा पपईचं बी शेतकऱ्यांना मिळालं.

मग आपण तेच बी का आणत नाही? जनुक बदललेलं पीक लावायला आपल्या देशात सरकारची परवानगी लागते. कापसाच्या बीटी वाणाला ती २००२ साली मिळाली. तो कापूस तुम्ही रोज बघता. पण तो बोंडअळीसाठी आहे, माव्यासाठी नाही. अशा पपईला भारतात परवानगी नाही. शिवाय हवाईतल्या विषाणूसाठी बनवलेलं झाड दुसऱ्या देशातल्या विषाणूपुढे टिकेलच असंही नसतं. त्यामुळे आपली भिस्त आज जाळी, मक्याचं कुंपण, तीक्ष्ण नजर आणि शेजारधर्म यांवरच आहे.

तुमचं काम

हिलोच्या परसांतल्या झाडांची गोष्ट पुन्हा वाचा. शेतकरी आपल्या बागेतली झाडं बघतो. पण उकिरड्याजवळची, हातपंपाजवळची, पडक्या वाड्यातली पपई कोण बघणार? ती कुणाचीच नसते. म्हणून ती तुमची!

येत्या रविवारी चार-पाच जणांनी मिळून गावातल्या पपया मोजा. वहीत जागा लिहा. शेंड्याची पानं, देठावरच्या तेलकट रेघा, फळांवरच्या कड्या या तीन गोष्टी बघा. स्वतः झाड तोडू नका. ज्याचं आहे त्याला सांगा, आपल्या गुरुजींना किंवा बाईंना सांगा, कृषी सहायकाला दाखवा. पपईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि नंतर हात साबणाने धुवा. तीन आठवड्यांनी पुन्हा त्याच झाडांकडे जा.

किती झाडं निरोगी निघाली, किती आजारी, आणि झाड काढायला घरचे तयार झाले का, ते आम्हाला पत्राने जरूर कळवा. आणि तयार नाही झाले, तर? खडू घ्या आणि आजीला अंगणात बोलवा!